मनुका-बेदाण्याचं दार

मखमलाबादच्या साळूबाई काकडच्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. त्या जिभेनं आजवर कुणाचं नुकसान केलं असेल तर ते एकट्या साळूबाईचंच, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. तिच्या पोटच्या पोरालाही नव्हतं, म्हणून तर त्या आठवड्यात एवढं रामायण घडलं.

साळूबाईनं चाळीस वर्षं नाशिकच्या फुलबाजारात मांडी घालून फुलं विकली. स्वतःच्या मळ्यातला झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे नवऱ्याच्या सायकलला दोन्हीकडे पाट्या बांधायच्या आणि उजाडायच्या आत जागा धरायची. तिची हाक सगळ्या बाजारात ओळखू यायची. "या, या, या!" तीनदा, आणि तिसरं 'या' असं वर चढवलेलं की पुढे गेलेलं गिऱ्हाईक मान वळवायचंच. घासाघीस केली की मात्र खैर नाही. "देवाला वाहताना कमी करता, आणि देवाकडं मागताना?" असं तोंडावर विचारायची. गिऱ्हाईक ओशाळायचं, हसायचं आणि वर दोन हार जास्त घेऊन जायचं.

पण चाळीस वर्षं मांडी घातली की गुडघे हिशोब मागतातच. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. परवाच्या दिवाळीनंतर उजवा गुडघाही गेला. म्हणजे डॉक्टरांनी तो काढून नवा बसवला. "आजी, आता जमिनीवर बसायचं नाही, मांडी तर विसराच," असं त्यांनी बजावलं. साळूबाई म्हणाली, "मग आता काय झाडावर बसू?" पण फुलबाजार सुटला तो सुटलाच.

घरात राहिलं कोण? मुलगा संतोष सकाळी सातला ओझरच्या कारखान्याची बस धरतो. सून प्रतिभा शाळेत शिकवते, ती आठला जाते. नात वैष्णवी जुलैपासून पुण्याला इंजिनिअरिंगला. जाताना ती दोन कुत्री मागे ठेवून गेली, आणि दिवसभर बोलायला साळूबाईला उरली ती तेवढीच.

दोन वर्षांपूर्वी वैष्णवीनं ती मैत्रिणीकडून बुटांच्या खोक्यातून आणली, तेव्हा साळूबाईनं घर डोक्यावर घेतलं होतं. "घरात कुत्री? आधी मला बाहेर काढा, मग यांना आत घ्या!" तिसऱ्या दिवशी त्यातली काळी तिच्या धुतलेल्या लुगड्यांच्या चवडीवर झोपलेली सापडली, आणि बाई तिला न उठवता दुपारभर पारोशा लुगड्यात वावरल्या. नावंही तिनंच ठेवली. काळी, थोडी सुरकुतल्या तोंडाची, ती मनुका. पिवळसर, उतावळा, तो बेदाणा. थोडी पॉमेरियन, थोडी गावठी, दोन्ही मिळून द्राक्षाच्या एका क्रेटमध्ये मावतील एवढीच.

ही जोडी मागच्या अंगणात जायला दिवसातून वीसदा दार मागायची. दार उघडं टाकावं तर शेजारचा बोका दूध पिऊन जायचा, आणि पौषातला गार वारा नव्या गुडघ्याला सोसायचा नाही. मग साळूबाई उठायची, कडी काढायची, "जा मेल्यांनो, तुमच्या बापानं नोकर ठेवलीय मला," म्हणायची, परत बसायची. बूड टेकतंय तोवर बाहेरून दारावर पंजे. पुन्हा उठ.

त्या सोमवारी दार उघडताना तिचा पाय ओल्या पायरीवर सरकला. नशीब, कठड्याची दांडी हाताला लागली, बूड आपटण्यावर निभावलं. पण संध्याकाळी संतोषला ते कळलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"आई, बस झालं. दिंडोरीला माझ्या दोस्ताचा, संघर्षचा मळा आहे. त्याला कुत्री हवीच आहेत. तो रविवारी पिकअप घेऊन येतोय. द्राक्षबागेत मोकळी राहतील, मजेत राहतील."

आता इथं सरळ माणूस काय म्हणेल? 'नको रे' म्हणेल. पण साळूबाईच्या तोंडून काय निघालं? "ने, ने! एकदाची बला टळेल. माझं तरी डोकं शांत राहील."

बोलली आणि जेवायला बसली. भाकरी निम्मी ताटातच राहिली. खुर्चीखाली बेदाणा तिच्या पायावर हनुवटी ठेवून पडला होता.

रात्रभर ती कूस बदलत राहिली, आणि सकाळी संतोष बस धरायला निघाला तेव्हा म्हणाली, "वैष्णवीला काय तोंड दाखवू मी? पोरगी सुट्टीला येईल अन् विचारील, आजी, कुत्री कुठंयत? तिच्यासाठी म्हणून सांगते. दाराला छोटं दार करून घेऊ. ती येतील-जातील, मला उठायचं काम नाय."

संतोषनं बुटाची नाडी बांधता बांधता विचार केला. "बरं. रविवारपर्यंत. तू खुर्चीतून न उठता दोघं जाऊन-येऊन दाखवू देत. नाहीतर संघर्ष नेईल. तुझा गुडघा मला जास्त आहे, आई."

वैष्णवीच्या नावामागं लपून साळूबाईला सहा दिवस मिळाले.

दुपारी वाल्मीक सुतार आला. घराची सगळी दारं त्याच्याच हातची. मागच्या दारावरून त्यानं हात फिरवला आणि कळवळून म्हणाला, "मावशी, मी केलेल्या दाराला मीच भोक पाडू?"

"तू केलंस म्हणून तर तुला बोलावलं. दुसऱ्यानं पाडलं असतं तर वर्षभर गल्लीत बोंबलत फिरला असतास."

हे खरं होतं, त्यामुळे वाल्मीकनं मुकाट्यानं टेप काढली. माप कुत्र्यांचं घ्यायचं होतं. मनुका शहाण्यासारखी उभी राहिली. तिची छाती, पाठ, पोट सगळं त्यानं पेन्सिलीनं दारावरच लिहून घेतलं. बेदाण्यानं टेपचं टोक तोंडात धरलं आणि पळाला. पलंगापर्यंत गेला, तिथं टेप सुटली आणि सटकन आत आली. तो आवाज ऐकून बेदाणा पलंगाखाली गेला तो चहा होईपर्यंत बाहेर आला नाही.

"याचं माप?" वाल्मीकनं विचारलं.

"मनुकापेक्षा दोन बोटं बारीक धर. अन् अकलेनं चार बोटं."

वाल्मीकनं आधी पुठ्ठ्याला चौकोन कापून त्यातून मनुकाला आरपार काढून पाहिलं. मग मशिनीला कुंकू लावलं, आणि दाराच्या खालच्या अंगाला कापलं. कडा घासून गुळगुळीत केल्या, भोवती लाकडी पट्टी ठोकली. पडद्याला त्यानं दिंडोरीच्या एका कोल्ड स्टोरेजचा उरलेला तुकडा आणला होता. द्राक्षांच्या खोलीची थंडी बाहेर जाऊ नये म्हणून दारात जाड प्लास्टिकच्या पट्ट्या लोंबतात, त्यातलाच तो. वापरून धुरकट झालेला, पलीकडचं काही दिसत नव्हतं. खाली कपाटाचा चुंबक लावला, म्हणजे पडदा ढकलला की उघडेल आणि आपोआप टप्पकन मिटेल.

"रात्री त्यातून जनावर आलं म्हंजे?" साळूबाईनं विचारलं. सापाचं नाव ती घरात घेत नाही.

"त्याला ही फळी." वाल्मीकनं वरून सरकणारी फळी खाली सोडून दाखवली. "झोपताना बंद, उठलात की उघडी."

दार झालं. आता कुत्र्यांना पटवायचं.

वैष्णवीनं कॉलेजच्या मेसमधून व्हिडिओ कॉलवर शिकवणी घेतली. "आजी, ढकलायचं नाही हं. पहिल्या दिवशी पडदा वर बांधून ठेव. दुसऱ्या दिवशी अर्धा सोड. तू बाहेर खुर्ची टाकून बस आणि खाऊ दाखव. आणि खारी नको, उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा दे."

"बरं बाई," साळूबाई म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर खारीचा पुडा पदराखाली घेतला.

बुधवारी पडदा वर बांधलेला. बेदाणा भोकातून इतक्या वेळा आत-बाहेर झाला की शेवटी त्यालाच चक्कर आली असावी, मधेच आडवा पडला. मनुका मात्र तलाठ्यासारखी हद्द बघत बसली. दुपारी चारला, कुणी बघत नाही अशी खात्री करून, एकदाची गेली.

गुरुवारी पडदा अर्धा. शुक्रवारी पूर्ण खाली, आणि तिथं गाडी अडली. दोघंही आतून पडदा हुंगायची, एक पंजा लावायची, मागे व्हायची. शाळेला सुट्टी होती म्हणून प्रतिभा आत बसली होती. तिनं "जा रे राजा, जा गं सोन्या" करून पाहिलं. काही नाही. बाहेर खुर्चीत बसलेल्या साळूबाईचा धीर सुटला आणि तिच्या तोंडून, काही न ठरवता, जुनी हाक निघाली.

"या, या, याऽऽ!"

पडदा हलला. बेदाण्याचं डोकं बाहेर आलं. अर्धा बाहेर, अर्धा आत, आणि पडदा डोक्यावर पदरासारखा घेऊन तो नव्या नवरीगत उभा राहिला. आत प्रतिभा, बाहेर साळूबाई, दोघी पोट धरधरून हसल्या. मग मागून मनुकानं त्याला डोक्यानं असा काही रेटा दिला की दोघं एकदमच अंगणात पडली. साळूबाईनं दोघांना खारी दिली आणि "चाळीस वर्षं माणसं वळवली, तुम्ही काय चीज!" असं वर सुनावलं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोघं बारा वेळा गेली-आली. साळूबाई एकदाही उठली नाही. टप्प, टप्प असा आवाज आला की तिला आतून गुदगुल्या व्हायच्या.

बातमी गल्लीभर झाली. शेजारच्या लताबाई दोन सुना घेऊन बघायला आल्या. "अगोबाई, माझ्या नातवाला अजून दार लावून घ्यायचं कळत नाय, अन् ही बघा!" पोरंटोरं आली, कुणी व्हिडिओ काढला, कुणी टाळ्या वाजवल्या. साळूबाई वरवर म्हणाली, "कसली हुशार, खादाड हायती नुसती." पण एवढी माणसं कौतुक करून गेली की मनात पाल चुकचुकणारच. नजर काय, सांगून थोडीच लागते?

शनिवार उजाडला. दर शनिवारी दारोदार लिंबू-मिरची देत फिरणाऱ्या नवसाबाई आल्या. साळूबाई नेहमी पुढच्या दाराला एक घेते. या वेळी दोन घेतल्या. एक लिंबू, सात हिरव्या लवंगी मिरच्या, सुईनं आरपार ओवलेल्या, ताज्या, रसरशीत. दुसरी तिनं प्रतिभाकडून छोट्या दाराच्या वरच्या खिळ्याला बांधून घेतली. अर्थात बाहेरून, वाईट बाहेरून येतं, त्याला बाहेरच अडवायचं. प्रतिभानं वर हळदकुंकवाची दोन बोटंही ओढली. पडद्याच्या बरोबर मधे ती लिंबू-मिरची लोंबू लागली.

आणि काय सांगावं, दुपारपासून कुत्र्यांनी संप केला.

बेदाणा सवयीनं धावत गेला, डोकं घातलं, 'क्याँ' करून मागे आला आणि शिंकत सुटला. मनुका गेली, नाक लावलं, तीही मागे. त्यानंतर दोघं पडद्यापासून चार हात लांब बसून त्याच्याकडे असं बघायला लागली की जणू त्यात वाघ आहे. अंडं दाखवलं, खारी दाखवली. बेदाण्याच्या तोंडातून लाळ गळाली, पण पाऊल पुढे नाही. "या, या, या!" पण फुकट गेलं.

साळूबाईनं वाल्मीकला बोलावलं. त्यानं आतून सगळ्या कडांवर तळहात फिरवला. कुठं खिळा नाही, कुठं कुसळ नाही. बाहेर जाऊन पाहिलं, लिंबू-मिरची दिसली, आणि मान डोलावली. "हे बरं केलंत मावशी. नजर लागलीच होती, नाहीतर एकाएकी असं होत नाही." दोरा सैल वाटला म्हणून त्यानं दोन वेढे आणखी घट्ट मारून दिले.

रविवारी अकराला संघर्षची पिकअप दारात उभी राहिली. भला पोरगा, येताना द्राक्षांची पेटीही घेऊन आला होता. साळूबाई स्वयंपाकघरात खुर्चीत बसली. संतोष शेजारी उभा. पाव तास झाला, कुत्री जागची हलली नाहीत.

संतोषनं खाली मान घालून टोपली आणली. "आई, मी वैष्णवीशी रात्री बोललो. ती थोडी रडली, पण म्हणाली, आजीचा गुडघा आधी, जाऊ देत. तेव्हा तिची काळजी करू नकोस."

झालं. ज्या नावामागं साळूबाई लपली होती, ते नावही गेलं. आता स्वतःच्या तोंडानं बोलायचं होतं, आणि ज्या तोंडानं चाळीस वर्षं बाजार गाजवला त्यातून शब्द फुटेना. एवढंच म्हणाली, "थांब जरा. शेवटचं एकदा."

दांडी धरून ती मागची पायरी उतरली. अंगणात गेली आणि छोट्या दारासमोर, कठड्याला धरत धरत, थेट जमिनीवर बसली. डॉक्टर बघते तर त्यांनाच चक्कर आली असती. नवा गुडघा समोर काठीसारखा लांब, पण बसली. फुलबाजारानंतर पहिल्यांदाच तिनं आपणहून बूड मातीला टेकवलं. 'ती येत नाहीत तर मीच तोंड घालून दाखवते,' असं मनाशी म्हणत तिनं वाकून कपाळानं पडदा आत लोटला आणि हाक मारायला तोंड उघडलं.

ओल्या, ठेचकाळलेल्या सात लवंगी मिरच्या तिच्या डोळ्यांवरून, नाकावरून ओठांवर आल्या.

"आई आई गंऽऽ!"

तिचे दोन्ही डोळे मिटले. नाकातून पाणी, जिभेला आग. आणि त्या आगीतच तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अगं बाई! मीच की गं! माझ्याच हातानं!" तिनं चाचपडत दोरा धरला आणि वाल्मीकचे दोन वेढे एका हिसक्यात तोडले. लिंबू-मिरची भिरकावली ती थेट शेवंतीच्या वाफ्यात. पदर शेजारच्या बादलीत बुडवून पडदा खसाखसा पुसला, चौकट पुसली. मग डोळे मिटूनच हाक दिली, रडवेली, पण तिसरं 'या' वर चढवून.

"या, या, याऽऽ!"

आत शांतता. मग नखांचा आवाज. पडद्यामागं कुणीतरी हुंगलं, पुन्हा हुंगलं. टप्प. तिच्या मांडीवर कुणीतरी आदळलं. टप्प. दुसरं आदळलं. डोळे उघडायची गरजच नव्हती. उतावळा होता तो बेदाणा आणि त्याच्या पाठोपाठ ठरवून आलेली ती मनुका.

संतोष धावत बाहेर आला. आई जमिनीवर, डोळ्यांतून धारा. "आई! पडलीस?"

"पडले नाय, बसलेय."

"रडतेस कशाला मग?"

"मिरची झोंबलीय." मग पदरानं नाक पुसून ती म्हणाली, "अन् रडते पण हाय. तू सातला जातोस, प्रतिभा आठला. मग सांजेपर्यंत माझ्याशी कोण बोलतं रे? भिंती? ही दोघं हायत म्हणून मी बोलते. शिव्या देते त्या काय, दुसरं मला बोलता येतंय का? वैष्णवीसाठी नाय, मला पाहिजेत. माझ्यासाठी. मला यांच्याबिगर करमत नाय, संतोष."

संतोष तिच्या शेजारी मातीतच बसला. मग म्हणाला, "असं आधी सांगायचं ना गं."

"तुला कळायला नको? चाळीस वर्षांचा घोडा झालास!"

दारातून संघर्ष हे सगळं बघत होता. टोपली त्यानं हळूच उपडी ठेवली. "काकू, कुत्री राहू देत. त्या सुताराचा नंबर तेवढा द्या," तो म्हणाला, "आमच्या आईला पण सारखं उठावं लागतं." मग त्यानं आणि संतोषनं दोन्हीकडून धरून साळूबाईला उभी केली. डॉक्टरांना यातलं काही सांगायचं नाही, असं तिघांचं ठरलं.

संध्याकाळी प्रतिभानं विचारलं, "आई, लिंबू-मिरची पुन्हा बांधू का? वरच्या चौकटीला?"

"पुढच्या दाराला एक हाय, तेवढी बास."

दिवे लागल्यावर साळूबाईनं दोघांना खुर्चीपुढे बसवलं. मुठीत मीठ घेतलं, मोहरी घेतली. मिरच्यांच्या डब्याकडे हात गेला, तो तिनं मागे घेतला. संतोष लहान असताना, वैष्णवी रांगत असताना उतरवायची तशीच तिनं मूठ मनुकावरून उतरवली, बेदाण्यावरून उतरवली. "आल्यागेल्याची, पाप्याची, लताबाईची, तिच्या सुनांची," ती पुटपुटत होती, आणि बेदाणा ती मूठ हुंगायला उड्या मारत होता.

"गप बस मेल्या," साळूबाई म्हणाली, "दृष्ट काढतेय तुझी." मूठ चुलीत टाकायला ती वळली, तेवढ्यात मागे टप्प झालं, लगेच दुसरं टप्प, आणि बाई जागच्या जागी हसत उभी राहिली.